दक्षिण आशियातील मुस्लिम शोकप्रथा आणि इस्लामी विधिशास्त्र

दक्षिण आशियातील मुस्लिम समाजांत दफनानंतर पाळल्या जाणाऱ्या स्थानिक रूढींमध्ये तिसऱ्या दिवसाचा तीजा, दहावा व विसावा दिवस, चाळिसाव्या दिवसाचे चेहलम, वार्षिक बरसी, अन्नावर म्हटली जाणारी फातिहा, सामुदायिक कुराणपठण आणि विधवेच्या पेहरावाविषयीचे संकेत यांचा समावेश होतो. गुसल (प्रेताला स्नान), कफन, जनाजाची नमाज आणि दफन ही चार कर्तव्ये इस्लामी विधिशास्त्राने (फिक्ह) निश्चित केलेली असून त्यांविषयी फारसा वाद नाही. त्यानंतरच्या रूढींना मात्र थेट धर्माज्ञेचा आधार आहे की नाही, नसल्यास त्या चालू ठेवाव्यात की सोडाव्यात, यावर अठराव्या शतकापासून उलेमांमध्ये विस्तृत चर्चा झाली आहे.

हा वाद सामान्यतः देवबंदी आणि बरेलवी या दोन सुन्नी विचारप्रवाहांतील मतभेद म्हणून ओळखला जातो. फातिहा आणि ठरावीक दिवस यांबाबत हे मतभेद खरे आहेत. तथापि आक्रोश, मृताच्या घरची मेजवानी, अज्ञान (अल्पवयीन) वारसांच्या मालमत्तेतून होणारा खर्च आणि विधवेचा पुनर्विवाह या व्यावहारिक प्रश्नांवर दोन्ही प्रवाहांचे निर्णय बऱ्याच अंशी एकसारखे आहेत.

प्रमुख रूढी

मृत्यूची वार्ता समजताच आप्तस्वकीय व शेजारी मय्यतीच्या घरी जमतात. त्या दिवशी शोकाकुल कुटुंबाला शेजाऱ्यांनी जेवण पाठवण्याची पद्धत सर्वत्र आढळते. उत्तर भारतात या जेवणाला ‘कडवी रोटी’ म्हणतात. महाराष्ट्रातील हिंदू समाजातील ‘कडू घास’ ही रूढी तिच्याशी मिळतीजुळती आहे.

तिसऱ्या दिवशी तीजा किंवा सोयम होतो. दख्खनमध्ये त्यास ‘जियारत’ असेही म्हणतात. या दिवशी कुराणाचे संपूर्ण पठण केले जाते. अनेक ठिकाणी चण्यांच्या दाण्यांवर मोजून कलमा म्हटला जातो व नंतर ते चणे वाटले जातात. कबरीवर फुले वाहण्याचीही चाल आहे. पुढे दसवां, बीसवां, चाळिसावा (चेहलम), छमाही आणि बरसी असे दिवस पाळले जातात. यांपैकी चाळिसाव्याचे जेवण सहसा सर्वांत मोठे असते.

‘फातिहा देणे’ या विधीत शिजवलेले अन्न किंवा मिठाई समोर ठेवून कुराणातील सूरह फातिहा, सूरह इख्लास आणि दरूद म्हणतात व त्या पठणाचे आणि अन्नदानाचे पुण्य मृताला अर्पण करण्याची प्रार्थना करतात. पुण्यार्पणाच्या या संकल्पनेस ‘ईसाल-ए-सवाब’ अशी संज्ञा आहे.

याशिवाय छाती बडवून सामूहिक विलाप करणे (पंजाबातील ‘सियापा’), विधवेच्या बांगड्या फोडणे, तिने आयुष्यभर पांढरी वस्त्रे वापरणे, मृताच्या घरी तीन दिवस चूल न पेटवणे अशा चालीही विविध प्रदेशांत आढळतात. यांतील काही चाली शेजारच्या हिंदू व शीख समाजांतही आहेत.

मूळ ग्रंथांतील आधार

शोक आणि विलाप

पैगंबर मुहम्मद यांचे पुत्र इब्राहिम बालवयात वारले, तेव्हा पैगंबरांच्या डोळ्यांत अश्रू आले. डोळे पाणावतात व हृदय दुःखी होते, परंतु ईश्वराला अप्रिय होईल असे काही बोलू नये, अशा आशयाचे त्यांचे उद्गार बुखारी व मुस्लिम यांच्या हदीस संग्रहांत आले आहेत. यावरून विधिशास्त्रज्ञांनी रडणे आणि आक्रोश करणे यांत भेद केला. नि:शब्द किंवा मंद रडणे अनुज्ञेय मानले गेले. गालांवर मारून घेणे, कपडे फाडणे आणि इस्लामपूर्व काळातील विलापाच्या आरोळ्या देणे मात्र अब्दुल्लाह इब्न मसऊद यांनी कथन केलेल्या हदीसनुसार निषिद्ध ठरले. अशा आक्रोशास ‘नियाहा’ म्हणतात.

कुटुंबियांच्या रडण्याने मृताला यातना होतात, अशा आशयाची हदीस खलिफा उमर आणि त्यांचे पुत्र अब्दुल्लाह यांच्याकडून आली आहे. पैगंबरांच्या पत्नी आयेशा यांनी मात्र एकाचे ओझे दुसरा वाहत नाही, या कुराणातील तत्त्वाच्या आधारे तिच्या अर्थावर आक्षेप घेतला होता. आपल्यामागे विलाप करावा असे जो सांगून गेला असेल, त्यालाच ही हदीस लागू होते, असा मेळ नंतरच्या अनेक विधिशास्त्रज्ञांनी घातला.

सांत्वनासाठी (ताजियत) तीन दिवसांचा काळ योग्य मानला जातो. त्यानंतर सांत्वनास जाणे दुःख पुन्हा जागे करणारे म्हणून अप्रशस्त ठरते. परगावी असलेल्या व्यक्तीस याबाबत सवलत आहे. पतीव्यतिरिक्त अन्य नातलगासाठी स्त्रीने तीन दिवसांहून अधिक काळ सुतकी वेश धारण करू नये, असेही हदीसमध्ये सांगितले आहे.

मृताच्या घरचे जेवण

इ.स. ६२९ मधील मुअताच्या लढाईत पैगंबरांचे चुलतभाऊ जाफर इब्न अबी तालिब मारले गेले. जाफर यांच्या कुटुंबावर आपत्ती कोसळली असल्याने त्यांच्यासाठी अन्न तयार करावे, अशी सूचना पैगंबरांनी केल्याचे अबू दाऊद, तिर्मिजी आणि इब्न माजा यांच्या संग्रहांत नोंदले आहे. शेजाऱ्यांनी जेवण पाठवण्याच्या चालीला हा थेट आधार मानला जातो.

याउलट, दफनानंतर मृताच्या घरी जमणे आणि त्या घरच्यांनी जेवण करणे हे आम्ही विलापाचाच भाग समजत असू, अशा आशयाचे जरीर इब्न अब्दुल्लाह या सहाबींचे (पैगंबरांचे सहकारी) कथन इब्न माजा यांनी दिले आहे. अन्न शोकाकुल घराकडे जावे, त्या घरातून पाहुण्यांकडे जाऊ नये, हा नियम या दोन कथनांवरून काढण्यात आला.

पुण्यार्पण

मृतासाठी प्रार्थना आणि दानधर्म करता येतो, याबद्दल सुन्नी विधिशास्त्रात एकमत आहे. साद इब्न उबादा यांनी दिवंगत आईच्या नावे आपली बाग दान केल्याचे बुखारींच्या संग्रहात आहे. मनुष्य मेल्यावर त्याची कर्मे थांबतात, मात्र टिकाऊ दान, उपयुक्त ज्ञान आणि त्याच्यासाठी प्रार्थना करणारे सदाचारी अपत्य या तीन गोष्टींचे फळ चालू राहते, अशी हदीस मुस्लिम यांनी दिली आहे. दुसरीकडे, मनुष्याला स्वतःच्या प्रयत्नांचेच फळ मिळते, असे कुराणाच्या ५३व्या सूरहमध्ये म्हटले आहे. त्यामुळे एकाने केलेल्या कुराणपठणाचे पुण्य दुसऱ्यास पोहोचते का, हा प्रश्न वादाचा ठरला.

रूढीचे विधिशास्त्रीय स्थान

इस्लामी विधिशास्त्रात स्थानिक रूढीस ‘उर्फ’ किंवा ‘आदत’ म्हणतात. रूढी निर्णायक ठरू शकते, हे विधिशास्त्राच्या पाच प्रमुख सूत्रांपैकी एक आहे. ऑटोमन साम्राज्याच्या ‘मजल्ला’ या दिवाणी संहितेत (१८६९–७६) त्यास स्वतंत्र कलम म्हणून स्थान मिळाले. मात्र रूढी स्पष्ट धर्मवचनाच्या विरोधात असता कामा नये, अशी अट आहे. शिवाय हे सूत्र प्रामुख्याने व्यवहार, करार, पोशाख, मेहेर यांसारख्या लौकिक बाबींना (मुआमलात) लागू होते. उपासनेच्या (इबादात) क्षेत्रात आधाराविना नवी भर घालणे ‘बिदअत’ समजले जाते.

बिदअतच्या व्याख्येविषयीही एकवाक्यता नाही. शाफई विधिज्ञ इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम (मृत्यू १२६२) यांनी नव्या गोष्टींचे अनिवार्य, प्रशस्त, अनुज्ञेय, अप्रशस्त आणि निषिद्ध असे पाच वर्ग केले. आंदालुसियाचे मालिकी विधिज्ञ शातिबी (मृत्यू १३८८) यांनी ‘अल-इतिसाम’ या ग्रंथात धर्माच्या क्षेत्रात ‘चांगली बिदअत’ असू शकत नाही, अशी भूमिका मांडली. तीजा व चेहलम यांवरील मतभेदांमागे हाच प्रश्न आहे. हे दिवस लौकिक सोय मानले, तर त्यांना रूढीचा नियम लागतो. ते उपासनेचा भाग मानले, तर त्यांना आधार दाखवावा लागतो.

विधिशास्त्रीय पंथांची भूमिका

हनफी: भारतीय उपखंडातील बहुसंख्य सुन्नी मुस्लिम हनफी पंथाचे आहेत. मर्गिनानी यांच्या ‘हिदाया’ या प्रमाणग्रंथानुसार मनुष्य आपल्या सत्कर्माचे पुण्य दुसऱ्यास देऊ शकतो. त्यात नमाज, रोजा व दान यांचा समावेश होतो. मात्र याच ग्रंथाचे भाष्यकार इब्नुल हुमाम यांनी मृताच्या कुटुंबाकडून पाहुणचार घेणे अप्रशस्त व वाईट बिदअत ठरवले. मेजवानी आनंदाच्या प्रसंगी असते, आपत्तीच्या प्रसंगी नव्हे, असे कारण त्यांनी दिले. ‘फतावा बज्जाजिया’त पहिल्या दिवशी, तिसऱ्या दिवशी व आठवड्यानंतर जेवण करणे अप्रशस्त म्हटले आहे. दमास्कसचे इब्न आबिदीन (मृत्यू १८३६) यांनी या मतांचा पुनरुच्चार केला आणि मोबदला घेऊन केलेल्या कुराणपठणाला पुण्यच नसल्याने ते मृतास पोहोचण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, असे प्रतिपादन केले.

शाफई: नववी (मृत्यू १२७७) यांनी सांत्वनासाठी मुद्दाम बैठक भरवणे अप्रशस्त मानले, तसेच मृताच्या घरच्यांनी लोकांना जमवून जेवू घालणे ही अनिष्ट बिदअत असल्याचे नोंदवले. कुराणपठणाचे पुण्य मृतास पोहोचत नाही, हे इमाम शाफई यांचे प्रसिद्ध मत होय. पठणानंतर ते पोहोचावे अशी प्रार्थना केल्यास लाभ होतो, असे नंतरच्या अनेक शाफई विधिज्ञांनी मानले.

हनबली: या पंथात कोणत्याही सत्कर्माचे पुण्य मृतास अर्पण करता येते. इब्न कय्यिम (मृत्यू १३५०) यांनी ‘किताबुर्रूह’ या ग्रंथात या विषयाची सविस्तर चर्चा केली आहे.

मालिकी: प्रार्थना आणि दान यांचा लाभ मान्य आहे. पठणाबाबत पंथांतर्गत मतभेद आढळतात.

पुण्यार्पणाच्या व्याप्तीबद्दल पंथांत मतभेद असले, तरी मृताच्या घरच्या मेजवानीबद्दलची नापसंती त्यांच्यात समान असल्याचे यावरून दिसते.

दक्षिण आशियातील वादाचा इतिहास

आरंभीचे सुधारक

दिल्लीचे विद्वान शाह वलीउल्लाह (१७०३–१७६२) यांनी आपल्या फारसी मृत्युपत्रात (वसीयतनामा) मुस्लिम समाजातील खर्चिक शोकरूढींवर टीका केली. सोयम, चेहलम, छमाही आणि वार्षिक फातिहा हे प्रकार आरंभीच्या अरब मुस्लिमांत नव्हते, असे त्यांनी नमूद केले. वारसांचे तीन दिवस सांत्वन करावे आणि त्यांना एक दिवस-रात्र जेवण द्यावे, इतकेच पुरेसे असल्याचे त्यांचे मत होते. विधवांच्या पुनर्विवाहास कमीपणाचे समजण्याच्या वृत्तीवरही त्यांनी याच लेखनात आक्षेप घेतला.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सय्यद अहमद (रायबरेली) आणि शाह इस्माईल यांनी ही टीका चळवळीच्या रूपाने पुढे नेली. शाह इस्माईल यांचा ‘तकवियतुल ईमान’ हा उर्दू ग्रंथ सामान्य वाचकांपर्यंत पोहोचला. सय्यद अहमद यांनी आपल्या दिवंगत थोरल्या भावाच्या पत्नीशी विवाह करून विधवाविवाहाविरुद्धची रूढी स्वतः मोडली. हे दोघेही १८३१ मध्ये बालाकोट येथील लढाईत मारले गेले.

देवबंदी भूमिका

१८६६ मध्ये स्थापन झालेल्या दारुल उलूम देवबंदच्या उलेमांनी पुण्यार्पणाचे तत्त्व मान्य केले, परंतु त्यासाठी दिवस, अन्न आणि पद्धत ठरवून घेण्यास विरोध केला. रशीद अहमद गंगोही (मृत्यू १९०५) यांच्या फतव्यांत आणि अशरफ अली थानवी (१८६३–१९४३) यांच्या ‘इस्लाहुर्रुसूम’ व ‘बहिश्ती जेवर’ या पुस्तकांत ही भूमिका विस्ताराने आली आहे. जी गोष्ट धर्माने बंधनकारक केली नाही, ती बंधनकारक असल्यासारखी पाळणे हाच मुळात दोष आहे, असा त्यांचा मुख्य युक्तिवाद आहे. तीजा न करणाऱ्यास लोक नावे ठेवतात, याचा अर्थ ती प्रथा ऐच्छिक राहिलेली नाही, असे ते दाखवून देतात. लोकलाजेपोटी केलेल्या दानाला पुण्य नसते, हा त्यांचा दुसरा मुद्दा होय.

बरेलवी भूमिका

अहमद रजा खान (१८५६–१९२१) यांनी फातिहा व ठरावीक दिवसांचे समर्थन केले. कुराणपठण, दान आणि प्रार्थना या तिन्ही गोष्टी स्वतंत्रपणे वैध असतील, तर त्या एकत्र केल्याने अवैध ठरत नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद होता. दिवस ठरवण्याचे त्यांनी दोन प्रकार सांगितले. नमाजाच्या वेळेप्रमाणे शरियाने ठरवलेला काळ हा पहिला प्रकार, तर लोकांनी सोयीसाठी ठरवलेला दिवस हा दुसरा. तीजा किंवा चेहलम दुसऱ्या प्रकारात मोडतात. त्या दिवसाखेरीज पुण्य पोहोचतच नाही, असे कोणी मानल्यास ती समजूत चुकीची आहे, हेही त्यांनी स्पष्ट केले.

मृताच्या घरच्या मेजवानीबाबत मात्र त्यांचे मत कठोर होते. ‘जलीयुस्सौत’ या पुस्तिकेत त्यांनी मृत्यूनंतर नातलग व स्त्रिया मृताच्या घरी मुक्काम करून जेवणखाण करतात, ही चाल निषिद्ध ठरवली. ऐपत नसताना लोक या चालीपायी कर्ज काढतात, प्रसंगी व्याजानेही पैसे उचलतात, असे त्यांनी लिहिले. पुण्यार्पणाचे अन्न गरिबांसाठी असावे, सधन पाहुण्यांसाठी नव्हे, अशी त्यांची भूमिका होती.

समन्वयाचा प्रयत्न

हाजी इमदादुल्लाह मुहाजिर मक्की (१८१७–१८९९) हे गंगोही व थानवी या दोघांचेही आध्यात्मिक गुरू होते. ‘फैसला-ए-हफ्त मसअला’ या पुस्तिकेत त्यांनी वादाच्या सात प्रश्नांवर मत दिले, त्यांत फातिहाचाही समावेश होता. दिवस व पद्धत सोयीखातर ठरवली असेल आणि ती अनिवार्य मानली जात नसेल, तर हरकत नाही, असे सांगून दोन्ही बाजूंनी परस्परांना दूषण देऊ नये, असा सल्ला त्यांनी दिला. गुरू व शिष्य यांच्यात या प्रश्नावर पूर्ण मतैक्य नव्हते, ही बाब या वादाच्या इतिहासात लक्षणीय मानली जाते.

अहले हदीस हा गट कोणत्याही एका विधिशास्त्रीय पंथाचे अनुसरण बंधनकारक मानत नाही. त्याच्या मते ठरावीक दिवसांबरोबरच अन्नावर फातिहा म्हणणे आणि पुण्यार्पणासाठी सामुदायिक कुराणपठण करणे या गोष्टींनाही आधार नाही.

वारसांच्या मालमत्तेचा प्रश्न

शोकप्रथांवरील विधिशास्त्रीय चर्चेचा सर्वांत व्यावहारिक भाग खर्चाशी संबंधित आहे. हनफी नियमांनुसार मृताच्या मालमत्तेतून प्रथम कफन-दफनाचा वाजवी खर्च, नंतर कर्जफेड, त्यानंतर उर्वरित मालमत्तेच्या एक-तृतीयांश मर्यादेपर्यंत मृत्युपत्राची अंमलबजावणी आणि शेवटी वारसांत वाटणी असा क्रम आहे. तीजा व चेहलम यांचा खर्च ‘कफन-दफना’त मोडत नाही.

मृत्यूच्या क्षणापासून मालमत्तेवर सर्व वारसांचा हक्क निर्माण होतो. सज्ञान वारस आपल्या वाट्यातून स्वेच्छेने दान करू शकतो. अज्ञान वारसाची संमती मात्र कायद्याने ग्राह्य नसते आणि त्याचा पालकही त्याच्या वतीने मालमत्ता दान करू शकत नाही. अनाथांची संपत्ती अन्यायाने खाणाऱ्यांविरुद्ध कुराणाच्या चौथ्या सूरहमध्ये कडक इशारा आहे. वारसांत अज्ञान मूल असताना अविभाजित मालमत्तेतून मेजवानी करणे निषिद्ध आहे, यावर देवबंदी व बरेलवी उलेमांचे एकमत आहे.

पुढील काल्पनिक उदाहरणावरून हा नियम स्पष्ट होतो. एका व्यक्तीच्या मागे पत्नी, एक सज्ञान मुलगा आणि एक अज्ञान मुलगी आहे. कर्जफेडीनंतर २,४०,००० रुपये शिल्लक राहतात. पत्नीला एक-अष्टमांश म्हणजे ३०,००० रुपये मिळतात. उरलेल्या २,१०,००० रुपयांपैकी मुलाला १,४०,००० आणि मुलीला ७०,००० रुपये येतात. वाटणीपूर्वी या रकमेतून ४८,००० रुपये चाळिसाव्यावर खर्च केले, तर त्यांतील १४,००० रुपये अज्ञान मुलीचे असतात. विधिशास्त्रानुसार हा भाग खर्च करण्याचा अधिकार कोणालाही नाही आणि ही बाब माहीत असताना ते अन्न खाणेही वर्ज्य ठरते. आई किंवा भाऊ यांनी आपापल्या वाट्यातून गरिबांना अन्नदान केल्यास आक्षेप उरत नाही.

विधवा आणि इद्दत

कुराणाच्या दुसऱ्या सूरहनुसार विधवेसाठी चार महिने दहा दिवसांचा प्रतीक्षाकाळ (इद्दत) आहे. ती गर्भवती असल्यास ही मुदत प्रसूतीपर्यंत असते. या काळात ती पुनर्विवाह करू शकत नाही, तसेच दागिने, सुगंधी द्रव्ये व भडक वस्त्रे वापरत नाही. या संयमास ‘इहदाद’ म्हणतात. निवास पतीच्या घरीच असावा, असा सर्वसाधारण नियम आहे. मात्र हनफी विधिशास्त्रानुसार विधवेला इद्दतीत पतीच्या मालमत्तेतून पोटगी मिळत नसल्याने, ती उदरनिर्वाहासाठी दिवसा बाहेर जाऊन रात्री घरी परतू शकते. औषधोपचारासारख्या गरजेलाही मुभा आहे.

लोकरूढीत यावर अनेक बंधनांची भर पडली आहे. बांगड्या फोडणे, पांढरेच कपडे घालणे, अंधाऱ्या खोलीत बसणे किंवा आकाशाकडे न पाहणे यांना विधिशास्त्रात आधार नाही. बांगड्या काढून ठेवाव्यात, फोडण्याची आवश्यकता नाही, असे उलेमा सांगतात. इद्दत संपल्यावर शोकाचे कोणतेही बंधन उरत नाही आणि विधवेला पुनर्विवाहाचा पूर्ण अधिकार असतो. पैगंबरांच्या पत्नींपैकी बहुतेक विधवा होत्या, याचा दाखला सुधारकांनी वारंवार दिला आहे. मृत्यूमुळे घर अपवित्र होते, ही सुतकाची कल्पनाही इस्लामी विधिशास्त्रात नाही. त्यामुळे तीन दिवस चूल न पेटवण्याचे बंधन धार्मिक ठरत नाही.

शिया दृष्टिकोन

शिया मुस्लिमांच्या जाफरी विधिशास्त्रातही सामान्य मृत्यूप्रसंगी अतिरेकी आक्रोश अप्रशस्त आहे. इमाम हुसैन यांच्या हौतात्म्याचा (इ.स. ६८०, करबला) शोक मात्र अपवाद मानला जातो आणि तो पुण्यप्रद समजला जातो. मोहरममधील मजलिस, मातम आणि करबलाच्या घटनेनंतरचा चाळिसावा दिवस (अरबईन) यांना त्यामुळे स्वतंत्र स्थान आहे. शस्त्राने स्वतःला जखमा करून घेण्याबाबत शिया विधिज्ञांत मतभेद आहेत. इराणचे तत्कालीन सर्वोच्च नेते अली खामेनेई यांनी १९९४ मध्ये त्याविरुद्ध मत दिले होते.

महाराष्ट्र आणि कोकण

दख्खनमधील मुस्लिम रूढींचे आरंभीचे तपशीलवार वर्णन जाफर शरीफ यांच्या ‘कानून-ए-इस्लाम’ या ग्रंथात आढळते. जी. ए. हर्क्लॉट्स यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १८३२ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाला. तिसऱ्या दिवसाची जियारत, कबरीवर फुले वाहणे आणि ठरावीक दिवशी फातिहा यांचा त्यात उल्लेख आहे.

महाराष्ट्राच्या अंतर्भागातील बहुतेक सुन्नी मुस्लिम हनफी पंथाचे आहेत, तर किनारपट्टीवरील कोकणी मुस्लिम प्रामुख्याने शाफई आहेत. त्यामुळे एकाच राज्यात दोन विधिशास्त्रीय परंपरा नांदतात. उदाहरणार्थ, दफनानंतर कबरीजवळ मृताला श्रद्धेची वचने ऐकवणे (तलकीन) शाफई पंथात प्रशस्त मानले जाते, तर हनफी विधिज्ञांत त्याबाबत मतभेद आहेत.

चाळिसावा आणि हिंदू समाजातील दहावा-तेरावा यांच्यातील साम्यामुळे या रूढी हिंदू परंपरेतून आल्या, असे अनेक सुधारकांनी म्हटले आहे. सियापा, सुतक किंवा बांगड्या फोडणे याबाबत हे स्पष्टीकरण समर्पक दिसते. चाळिसावा दिवस मात्र इजिप्त, इराण आणि मध्य आशियातील मुस्लिमांत, तसेच पौर्वात्य ख्रिस्ती परंपरेतही पाळला जातो. त्यामुळे त्याचा उगम केवळ भारतीय मानता येत नाही.

इतर देशांतील तुलना

इंडोनेशियातील जावा बेटावर मृत्यूनंतर तिसऱ्या, सातव्या, चाळिसाव्या, शंभराव्या आणि हजाराव्या दिवशी ‘स्लामेतान’ हे सामुदायिक भोजन होते. १९१२ मध्ये स्थापन झालेली मुहम्मदिया ही संघटना त्यास विरोध करते. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नहदतुल उलमा या शाफई परंपरेच्या संघटनेने त्याच वर्षीच्या अधिवेशनात यावर निर्णय दिला. मृताच्या घरच्यांनी ठरावीक दिवशी लोकांना जमवून जेवण देणे अप्रशस्त आहे, परंतु त्यामुळे त्या दानाचे पुण्य नष्ट होत नाही, असा तो निर्णय होता. मानवशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९५०च्या दशकात जावातील अंत्यविधींचा अभ्यास केला आणि धार्मिक गटांतील मतभेदांमुळे एका मुलाचा दफनविधी कसा अडून राहिला, याचे वर्णन केले.

इजिप्तमध्येही चाळिसाव्या दिवसाच्या समारंभाला शरियाचा आधार नसल्याचा फतवा देशाचे मुफ्ती हसनैन मुहम्मद मख्लूफ यांनी दिला होता.

कायदेशीर स्थिती

भारतात १९३७च्या मुस्लिम व्यक्तिगत कायदा (शरियत) उपयोजन अधिनियमाने वारसा, विवाह, घटस्फोट, मेहेर, पालकत्व इत्यादी बाबींत रूढीऐवजी शरियाला प्राधान्य दिले. शोकविधी या यादीत नाहीत. त्यामुळे तीजा किंवा चेहलम करावे की नाही, हा व्यक्तीच्या श्रद्धेचा व कुटुंबाच्या निर्णयाचा विषय राहतो आणि त्यावरील फतवे सल्लावजा असतात. वारसांचे हिस्से मात्र याच अधिनियमान्वये व्यक्तिगत कायद्याने ठरतात. म्हणून मेजवानीवरील खर्च अज्ञान वारसाच्या वाट्यातून झाल्यास तो केवळ धार्मिक प्रश्न राहत नाही, तर मालमत्तेच्या हक्काचाही प्रश्न ठरतो.

हे सुद्धा पहा

इद्दत
ईसाल-ए-सवाब
देवबंदी चळवळ
बरेलवी
शाफई पंथ
कोकणी मुस्लिम
मोहरम